टाचेवरचा काळा डाग आणि मेलॅनोमा

प्रश्न: डॉक्टर, आम्ही दांडिया बाजारला राहतो. आईच्या टाचेवर वर्षभर काळा डाग आहे, कुरूप समजून मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावत होतो. आता तो पसरलाय, एका बाजूने ओला राहतो. आमचे डॉक्टर म्हणाले मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, नाही ना ते बघून घ्या. पण तो तर उन्हाने गोऱ्या लोकांना होतो ना? आणि हॉस्पिटलांत याचे पेशंट वाढत चाललेत असं वाचलं, ते खरं का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर: ताई, आधी कामाचं. कॉर्न कॅप आजच बंद करा, त्यातल्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडने वरची कातडी जाते आणि खालचं खरं काय ते कळत नाही. याच आठवड्यात आईंना सयाजी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत न्या, तुम्हाला जवळच आहे. आणि कोणी म्हणालं लेझरने जाळून टाकू तर बायोप्सीशिवाय, म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, अजिबात करू देऊ नका. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती घरोघरी आहे, ती मनातून काढा.

उन्हाने होतो म्हणता ते गोऱ्या लोकांबद्दल. ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे ३५ च्या वर लोकांना हा होतो, पाठीवर, पायांवर, उन्हानेच. आपल्याकडे लाखामागे एकसुद्धा नाही, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नाही. बॉब मार्ली १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलॅनोमानेच.

वाढीचं म्हणाल तर एका हॉस्पिटलच्या आकड्यांवरून आजार वाढला असं म्हणता येत नाही, कारण मोठ्या हॉस्पिटलात लांबलांबचे पेशंट पाठवले जातात, नवीन कॅन्सर विभाग सुरू झाला की रजिस्टर आपोआप भरतं. मला विचाराल तर त्या रजिस्टरमध्ये पेशंट किती यापेक्षा येताना डाग किती जाड होता ते बघावं. ही जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची पद्धत ब्रेस्लो नावाच्या डॉक्टरांनी १९७० मध्ये मांडली, आणि १ मिमीच्या आत असेल तर बहुतेकांचं ऑपरेशनवरच भागतं. ऑस्ट्रेलियात जाहिराती झाल्या, लोक तीळ दाखवायला लागले, तसे पातळ डागवाले पेशंट वाढत गेले. आपल्याकडे मात्र तळपाय कोण बघतं हो, भेगा असतील, काटा गेला असेल, कुरूप असेल म्हणत महिने जातात आणि पेशंट येतो तोवर कॅन्सर पसरून जांघेत गाठ आलेली असते, हे बघून फार वाईट वाटतं.

आईंचा डाग मेलॅनोमाच आहे असं मी म्हणत नाही, न बघता सांगताही येणार नाही. जाताना मोबाईलमध्ये टाचेचा जुना फोटो असेल तर न्या, डॉक्टरांना जांघही तपासायला सांगा, आणि सगळ्या नखांवरून एकदा नजर फिरवा, एकाच नखावर काळी रेघ असेल आणि ती रुंद होत असेल, रंग नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल तर तेही दाखवा. बायोप्सीत मेलॅनोमा निघालाच तर रिपोर्टमध्ये ब्रेस्लोपुढे किती मिमी लिहिलंय ते मला लगेच कळवा, पुढचं ऑपरेशन केवढं करायचं ते त्यावरच ठरेल.