मे महिन्यात ताडोबा, दोन दिवसात वाघ दिसेल का आणि गेट कुठलं घ्यावं?

दिसेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, पण महिना बरोबर निवडलाय. मे मधे पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येऊन बसतो, त्यामुळे चान्स चांगला असतो. फक्त चंद्रपूरचं ऊन म्हणजे ४५ डिग्रीच्या पुढे, लहान पोरं असतील तर दहादा विचार करा.

दोन दिवसात एकच सफारी करून परत येऊ नका राव, निदान तीन-चार तरी घ्या, दोन कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) आणि एक-दोन बफर (त्याच्या भोवतालचा पट्टा). लोक उगाच बफरला नाक मुरडतात, आगरझरी, देवाडा, अलीझंझा इकडेही वाघ मस्त दिसतात. गेटचं म्हणाल तर चंद्रपूरहून येणार असाल तर मोहर्ली, नागपूरकडून कोलारा, बाकी वाघाला गेट कळत नाही. मंगळवारी कोअर बंद असतं, हे न बघता तिकिटं काढणारे दरवर्षी भेटतात (आमचे मेहुणे त्यातलेच).

बुकिंग ऑनलाईन, शनिवार-रविवार लवकर भरतात, आणि ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलंय तेच ओरिजिनल सोबत ठेवा. आत मोबाईल चालत नाही, कॅमेरा न्या. सकाळची सफारी पहाटे निघते, तर आदल्या रात्री गेटजवळच मुक्काम करा. आणि गाईडच्या मागे वाघ वाघ लावू नका, सांबराचा नाहीतर वानराचा कॉल (वाघ जवळ असल्याचा इशारा देणारी ओरड) ऐकायला त्याला शांतता लागते. रानकुत्री दिसली तर वाघाएवढाच आनंद माना.