घंटी वाजते, आवाज पोचत नाही: इंटरनेट फोनची प्रश्नोत्तरे

बहुतेक पत्रांत एकच गोंधळ दिसतो. घंटी आणि आवाज एकाच वाटेने जातात, असं वाचक धरून चालतात. तसं नसतं. कॉल जोडण्या-तोडण्याचं काम सिप (यंत्रांच्या संवादाचे ठरलेले नियम) करतं, बहुधा ५०६० पोर्टवरून. पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार. प्रत्यक्ष बोलणं आरटीपी या दुसऱ्या नियमांच्या पॅकेटांतून, म्हणजे माहितीच्या छोट्या पुडक्यांतून, वेगळ्याच पोर्टांवरून जातं. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न: फोन जोडणारा सर्व्हर राउटरच्या मागे आहे. बाहेरच्या कॉलवर माझं बोलणं समोरच्याला ऐकू जातं, त्याचं मला येत नाही. दोन हेडफोन बदलून झाले.

हेडफोनचा काही दोष नाही. कॉल लावताना सर्व्हर संदेशाच्या पोटात लिहितो, ‘आवाज या पत्त्यावर पाठवा’. राउटर नॅट करतो, म्हणजे आतल्या खासगी पत्त्याऐवजी बाहेरचा लावतो, तेव्हा पॅकेटवरचा पत्ता बदलतो, पोटातला मजकूर तसाच राहतो. तिथे १९२.१६८.१.२० लिहिलेलं असेल, तर पलीकडच्याने आवाज पाठवायचा कुठे? १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे पट्टे १९९६ पासून खासगी वापरासाठी राखलेले आहेत. इंटरनेटवर त्यांना वाट नाही.

अ‍ॅस्टरिस्क या फोन सर्व्हर प्रोग्रामच्या पीजेसिप या सिप विभागात तीन गोष्टी भरा: एक्स्टर्नल मीडिया अ‍ॅड्रेस, एक्स्टर्नल सिग्नलिंग अ‍ॅड्रेस आणि लोकल नेट (आधीच्या दोन्हींत बाहेरचा पत्ता, लोकल नेटमध्ये आतल्या नेटवर्कचा पट्टा). शिवाय फोनच्या नोंदीत डायरेक्ट मीडिया ‘नो’ करा, म्हणजे आवाज सर्व्हरमधूनच जाईल. पहिल्या दोन बहुतेक जण भरतात, लोकल नेट विसरतात. मग बाहेरचे कॉल सुधारतात आणि आतले बिघडतात. आरटीपीचा पट्टा, नमुना फाइलीत तो १०००० ते २०००० असतो, सर्व्हरवर आणि राउटरवर एकच आहे ना, तेही पाहा. सर्व्हर दुसऱ्या कुणी बसवून दिला असेल, तर त्याला विचारल्याशिवाय फाइलींना हात लावू नका.

प्रश्न: प्रत्येक कॉल अर्ध्या मिनिटाच्या आसपास तुटतो. लाइन खराब असेल का?

घड्याळ लावून मोजा. दर वेळी ३२ सेकंद भरत असतील, तर लाइन ठीक आहे. फोन उचलला की ‘२०० ओके’ हा ‘उचलला’ असा निरोप जातो आणि त्यावर समोरून पोच म्हणून ‘अ‍ॅक’ यावा लागतो. तो आला नाही की उचलणारी बाजू तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडते आणि अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वाट पाहून कॉल सोडते. बहुतेकदा ‘कॉन्टॅक्ट’च्या, म्हणजे पुढचे निरोप कुठे पाठवायचे ते सांगणाऱ्या, ओळीत खासगी पत्ता गेलेला असतो. उपाय वरचाच.

प्रश्न: राउटरमधलं सिप एएलजी (सिप संदेशांतले पत्ते राउटरनेच बदलण्याची सोय) चालू ठेवावं की बंद?

बंद.

प्रश्न: सकाळी फोन नीट येतात, पण थोडा वेळ वापर नसला की येणारे कॉल बंद होतात, जाणारे लागतात. विक्रेता खास व्हॉइपसाठीचा (इंटरनेट फोनसाठीचा) महागडा राउटर घ्या म्हणतो.

घेऊ नका. निदान आज तरी नको. फोनने सर्व्हरकडे रजिस्टर केलं, म्हणजे आपली नोंद केली, की राउटर परतीसाठी एक वाट उघडी ठेवतो आणि वर्दळ थांबली की मिटतो. यूडीपीची (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची पद्धत) अशी वाट किमान २ मिनिटं टिकावी असं २००७ च्या मानकात लिहिलेलं आहे, तरी ३० सेकंदांत मिटणारे राउटर सर्रास आढळतात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘कीप अलाइव्ह’ (वाट उघडी ठेवणारा छोटा निरोप) २० ते २५ सेकंदांवर ठेवा. हे करून पाहण्याआधी राउटर विकू पाहणाऱ्याने तुमचा बिघाड तपासलेलाच नाही. फरक पडला नाही, तर तो राउटर आधी परत घेण्याच्या बोलीवर मागा.

प्रश्न: आवाज येत नव्हता म्हणून एका जाणकाराच्या सांगण्यावरून सर्व्हर डीएमझेडमध्ये टाकला. आवाज आला. पण तीन आठवड्यांपासून रात्री १००, १००१ अशा नंबरांवरून फोन वाजतात, उचलले तर कुणी नसतं. दुर्लक्ष केलं तर चालेल?

नाही, नाही आणि नाही. तीन आठवडे थांबलात कशाला?

साध्या राउटरवर डीएमझेड म्हणजे सगळे पोर्ट एका यंत्राकडे वळवणं. नाव भारदस्त आहे, पण ते यंत्र तुमच्या बाकीच्या संगणकांच्या शेजारीच बसलेलं राहतं. रात्री वाजतात ते इंटरनेटभर उघडे सिप सर्व्हर शोधत फिरणारे प्रोग्राम. त्यांना पासवर्ड सापडला की महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुटतात आणि बिल तुमच्या नावावर येतं.

एका छोट्या कार्यालयाची लॉग फाइल मी स्वतः पाहिली आहे. एक्स्टेन्शन (आतल्या फोनचा क्रमांक) २०१, पासवर्डही २०१. सुट्टीच्या आदल्या रात्री एकच परदेशी नंबर आधी ०० लावून, मग ९००, मग ९०११ लावून, काही सेकंदांच्या अंतराने आजमावलेला होता. बाहेरची लाइन कशाने लागते ते चाचपत होते. ती लागली आणि सकाळपर्यंत थांबली नाही.

आजच डीएमझेड बंद करा. सगळे फोन आत असतील आणि तुमचा सर्व्हर स्वतःच सेवादात्याकडे रजिस्टर होत असेल, तर बहुधा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. लागलाच, तर ५०६० फक्त सेवादात्याच्या पत्त्यांसाठी उघडा. ते पत्ते त्यांच्याकडून लेखी मागा, आवाजाचे पत्ते वेगळे असू शकतात. बाहेरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी बोगद्याने) आत घ्या. सर्व्हरचं वेब पान आणि ५०३८ हा व्यवस्थापनाचा पोर्ट बाहेर कधीच दिसू देऊ नका. सगळे पासवर्ड लांब ठेवा, एक्स्टेन्शनचा आकडा हा पासवर्ड नव्हे. फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकणारे पत्ते अडवणारा प्रोग्राम) लावा. ‘५०६० बदला, झालं’ हा सल्ला ऐकू नका. त्याने गलका कमी होतो, दार लागत नाही.

आणि सेवादात्याला आजच फोन करून तीन आठवड्यांचा कॉल तपशील मागा, परदेशी कॉल बंद करून घ्या. त्या यादीत अनोळखी नंबर दिसले, तर सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला बोलावून सर्व्हर तपासून घ्या. तो नव्याने बसवा म्हणाला, तर बसवा.

प्रश्न: दोन शाखा व्हीपीएनने जोडल्या. पलीकडचे फोन रजिस्टर होतात, पण तिकडे कॉल लावला की शांतता.

दोन्हीकडे १९२.१६८.१ चाच पट्टा नाही ना, हे आधी बघा. असेल तर एका शाखेचे पत्ते बदलावेच लागतील. नसेल, तर माझा संशय पॅकेटच्या आकारावर आहे. ‘रजिस्टर’ छोटा असतो. कॉल लावणाऱ्या ‘इन्व्हाइट’ निरोपात कोडेकची (आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतींची) लांब यादी असते. व्हीपीएनच्या बोगद्यात त्याचे तुकडे होतात, दुसऱ्या तुकड्यावर पोर्ट क्रमांक नसतो, फायरवॉल तो टाकून देते. नको असलेले कोडेक काढा किंवा सिप टीसीपीवर (पोच घेऊन पाठवण्याच्या पद्धतीवर) न्या. एमटीयूचा (पॅकेटच्या कमाल आकाराचा) आकडा मात्र व्हीपीएन सांभाळणाऱ्यानेच बदलावा.

प्रश्न: तज्ज्ञाला दाखवायला काय पाठवू?

सर्व्हरवर घेतलेलं पॅकेट कॅप्चर, म्हणजे ये-जा करणाऱ्या पॅकेटांची नोंद. कॉलच्या आधी सुरू करा, कॉल तुटल्यावर थांबवा, वेळ आणि दोन्ही नंबर लिहून ठेवा. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाच माणसाला द्या. आवाज एन्क्रिप्ट केलेला नसेल, तर त्या फाइलीतून तुमचं संभाषण जसंच्या तसं ऐकता येतं.