वाचकांचे प्रश्न : रहस्य, गुन्हा आणि अद्भुत

रहस्यमय, गुन्हेगारीवरच्या आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांविषयी वाचकांची मते आम्ही गेल्या अंकात मागवली होती. मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (दादर) : गोष्ट सांगणारी व्यक्तीच शेवटी खुनी निघाली, की मला फसवल्यासारखे वाटते. लेखकाने असे करणे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे, पण एका अटीवर. निवेदकाने एखादी गोष्ट सांगायची टाळली तरी चालेल; खोटे मात्र सांगता कामा नये. अगाथा ख्रिस्ती यांनी १९२६ साली हीच क्लृप्ती वापरली, तेव्हा बराच वाद झाला होता. (ज्यांनी ती कादंबरी अजून वाचलेली नाही, त्यांचा आनंद हिरावला जाऊ नये म्हणून तिचे नाव मुद्दामच देत नाही.) त्यात निवेदक लिहितो, की खोलीत पत्र आणले गेले तेव्हा आठ वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि आपण तेथून निघालो तेव्हा आठ पन्नास. दोन्ही वेळा खऱ्या आहेत. मधल्या दहा मिनिटांत काय घडले हे तो सांगत नाही आणि वाचताना आपल्यालाही ते विचारावेसे वाटत नाही. पुस्तक संपल्यावर ते पान पुन्हा उघडून पाहावे. त्यात खोटे विधान सापडत नाही, आणि मला हीच या लेखनाची खरी कमाई वाटते. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराच्या हाती लागलेला प्रत्येक धागा त्याच क्षणी वाचकासमोर ठेवला पाहिजे, हा त्यांतला एक, आणि पूर्वसूचना न देता जुळी भावंडे आणू नयेत, हा दुसरा. शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उगवणाऱ्या कादंबरीवर आपण जरूर रागवावे.

प्रश्न (बोरिवली) : मुंबईत घडणाऱ्या बहुतेक गुन्हेकथांत इन्स्पेक्टरसमोर आरोपी कबुली देतो आणि कथा संपते. प्रत्यक्षात खटला असाच निकाली निघतो का?

उत्तर : नाही, आणि या सवयीमुळे आपली गुन्हेकथा लंगडी राहते, असे मला मनापासून वाटते. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ती कायम आहे. तिला एक महत्त्वाचा अपवाद आहे. समजा, कोठडीतला आरोपी म्हणाला, "मी त्याला कोयत्याने मारले आणि कोयता शिवडीच्या खाडीकाठी चिखलात पुरला," आणि पोलिसांनी पंचांना सोबत नेऊन, त्याने दाखवलेल्या जागेतून कोयता काढून पंचनामा केला, तर ज्या माहितीमुळे कोयता सापडला तेवढाच भाग न्यायालयात ग्राह्य धरता येतो. "मी मारले" हे शब्द बाजूलाच राहतात. मग तो कोयता मोहोरबंद होऊन कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो, त्यावर रक्त आहे का आणि ते कोणाचे हे तपासले जाते, आणि उलटतपासणीत एखादा पंच डगमगला तर सगळी साखळी कमकुवत होते. दंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब चालतो. पण तो नोंदवण्यापूर्वी, तुम्ही कबुली द्यायला बांधील नाही आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, असे त्यांना आरोपीला समजावून सांगावे लागते. त्या समजावणीनंतर आरोपी गप्प राहील की बोलेल, या एका क्षणावर अख्खे प्रकरण उभे राहू शकते, आणि आपले लेखक नेमका तोच क्षण वाया घालवतात. आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे मृत्यूची वेळ. मृतदेह ताठरणे उष्ण हवेत लवकर सुरू होते आणि लवकर ओसरतेही, त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यात "मृत्यू रात्री अकरा दहाला झाला" असे केवळ देह पाहून सांगणारा डॉक्टर कादंबरीतच भेटतो. खऱ्या अहवालात काही तासांचा पट्टा दिलेला असतो, आणि चांगला लेखक त्या पट्ट्यातच संशयितांच्या येण्याजाण्याची गुंतागुंत रचू शकतो.

प्रश्न (गिरगाव) : अद्भुतरम्य कादंबरी म्हणजे मुलांची करमणूक, असे घरातले मोठे म्हणतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : मराठी कादंबरीच्या पहिल्या काही दशकांत 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या मोठ्यांसाठीच लिहिल्या गेल्या, हे त्यांना जरूर सांगावे. त्यांचा आक्षेप सैल लिहिलेल्या कादंबऱ्यांवर असेल, तर मात्र मी त्यांच्याच बाजूचा आहे. मंत्राने काय साधते, काय साधत नाही आणि तो उच्चारणाऱ्याला त्यापायी काय गमवावे लागते, हे आरंभीच्या प्रकरणांतच ठरले पाहिजे. नायक तळघरात अडकल्यावर त्याला पूर्वी कधीही न सांगितलेली सिद्धी आठवली, तर तो वर दिलेल्या जुळ्या भावाचाच प्रकार झाला. पुढची अद्भुत कादंबरी हाती घ्याल तेव्हा मंत्राची मर्यादा पहिल्यांदा सांगितली आहे त्या पानावर पेन्सिलीने खूण करा आणि शेवटच्या संकटात लेखक ती पाळतो का ते पाहा. घरातल्या मोठ्यांनाही तेच पान दाखवा.