कर्करोगातला ‘कर्क’ आणि कडकपणा

परळच्या एका व्याख्यानात ‘कर्कपेशींचे सामूहिक आक्रमण’ असं ऐकलं, हे मराठीत बरोबर का, असं विचारलंय. नको हो! हल्ली उठसूट आक्रमण, हल्ला, युद्ध, तेही पेशंटच्या घरच्यांसमोर. पेशी शेजारच्या टिश्यूत घुसतात त्याला ‘शिरकाव’ म्हणा, एकमेकींना धरून घुसल्या तर ‘जथ्याने शिरकाव’. झालं.

खरी मजा ‘कर्क’मध्ये आहे. जो तो सांगतो की गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या म्हणून हे नाव. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने तसं लिहिलंय, मान्य, पण मुळात खेकड्याला कर्कट का म्हणायचं हे कोणी विचारतच नाही! संस्कृतात कर्कर म्हणजे कठीण, कर्कश म्हणजे खरखरीत, कडक (आपण तो आवाजापुरता ठेवला), आणि ग्रीक कार्किनोस, लॅटिन कान्केर, आपला कर्कट ही सगळी ‘कठीण’ अर्थाच्या एकाच मुळातली असं एक जुनं मत आहे. काही लॅटिनवाले कान्केरचं मूळ ‘कुंपण’ अर्थाच्या शब्दाकडे नेतात, मला ते साफ ओढूनताणून वाटतं. सुश्रुताला तर खेकडा लागलाच नाही, मांसार्बुदाला, म्हणजे मांसातल्या गाठीला, त्याने ‘अश्मोपम’ आणि ‘अप्रचाल्य’ म्हटलं, दगडासारखं, जागचं न हलणारं.

आणि हा कडकपणा नुसता बोटांना लागणारा नाही, तो पेशींना ढकलतो! उंदरांच्या स्तनग्रंथीत मोजलं तेव्हा निरोगी टिश्यू साधारण ०.२ किलोपास्कल (हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक) आणि गाठ ४ च्या आसपास निघाली. भोवतालचं कोलॅजन, म्हणजे टिश्यूला धरून ठेवणारं धाग्यांसारखं प्रथिन, घट्ट विणलं जातं, त्याचे धागे ताणून गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहिले की पेशींना त्यावरून बाहेर सरकायला वाट मिळते. या धाग्यांच्या जाळीची भोकं फार बारीक असली तर पेशीचं केंद्रक अडकतं, मग पुढची पेशी एन्झाइमने कोलॅजन कापते आणि मागच्या तिला धरून त्याच फटीतून निघतात, दादरच्या ब्रिजवर एकाने वाट काढली की मागचे त्याच्या पाठीला चिकटून सुटतात तशा.

म्हणून माझं म्हणणं, मराठी कोशांनी ‘कर्कश’च्या नोंदीत ‘कठीण’ आधी द्यावा, कर्णकटू नंतर, आणि कर्करोगाच्या व्युत्पत्तीत खेकड्याच्या पायांवरच थांबू नये.