दीडशे ग्रॅमचा एसी

(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आम्ही मनीषनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून चाकांवरचा पोर्टेबल एसी बघायला गेलो. मागच्या पट्टीवर ज्वालेचं चित्र, 'आर-२९०, २५० ग्रॅम' आणि 'किमान खोली १२ चौरस मीटर' असं छापलंय. सासूबाई म्हणतात, घरात बॉम्ब नको. आमची बेडरूम १० बाय १२ ची आहे. काय करावं?
— एक गृहिणी

उत्तर : ताई, आर-२९० म्हणजे प्रोपेन. स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जो एलपीजी असतो त्यात प्रोपेन आणि ब्युटेनच असतात. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्येही असाच जळणारा गॅस, आयसोब्युटेन, पन्नास-साठ ग्रॅम असतो. तो रात्रंदिवस चालू असतो आणि सासूबाई त्याच्या शेजारी बसून भाजी निवडत असतील. पेटायला हवेच्या दर घनमीटरमागे ३८ ग्रॅम प्रोपेन लागतो. छत दहा फूट धरलं तर तुमच्या खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. अडीचशे ग्रॅम सगळाच्या सगळा सुटून नीट पसरला तरी घनमीटरला साडेसात ग्रॅमच्या आत राहतो.

पण अडचण त्या 'नीट पसरला' मध्ये आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. हे यंत्र जमिनीवर उभं असतं, त्यामुळे गळती झाली तर गॅस फरशीलगत साचतो आणि तिथे खरोखर पेटण्याइतका दाट होऊ शकतो. शिवाय यंत्रातल्या प्रोपेनला सिलिंडरच्या गॅससारखा वास घातलेला नसतो; नाकाला कळत नाही. म्हणून किमान खोलीचा आकडा. १२ चौरस मीटर म्हणजे सुमारे १३० चौरस फूट. तुमची खोली १२० फूट. म्हणजे हे यंत्र तुमच्या खोलीसाठी नाही, दुकानदार काहीही सांगो. कमी गॅसचं बघा. १५२ ग्रॅमपर्यंत खोलीच्या आकाराची अट लागत नाही.

आणि मागे पाइप एक आहे की दोन, तेही बघा. का, ते पुढच्या उत्तरात आहे. एकच पाइप असेल तर मे महिन्यात तुमचा कुलरच बरा.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाचा प्रोजेक्ट 'एक टनाचा पोर्टेबल एसी, १५० ग्रॅमपेक्षा कमी प्रोपेनवर' असा आहे. मार्गदर्शक म्हणतात, गॅस कमी केला की कूलिंग आणि एफिशियन्सी दोन्ही पडणार. खरं का?
— एक विद्यार्थी, बजाजनगर

उत्तर : तयार यंत्रातून नुसता गॅस काढून घेतलास तर तुझे सर बरोबर आहेत. यंत्रच कमी गॅससाठी बांधलंस तर नाहीत. जर्मनीत फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने १२४ ग्रॅम प्रोपेनवर १२.८ किलोवॅटचा हीट पंप (उलटा चालून घर गरम करणारा एसीच) चालवून दाखवलाय. तुला एक टनासाठी साडेतीन किलोवॅट हवेत.

आधी गॅस कुठे दडून बसतो ते पाहा. आपल्या उन्हात एक टनाला सेकंदाला साधारण १५-१६ ग्रॅम प्रोपेन फिरावा लागतो. म्हणजे दीडशे ग्रॅम दहा सेकंदांत चक्कर मारून येतो. फिरणाऱ्या गॅसची ददात नाही, बसून राहणाऱ्याची आहे. सगळ्यात मोठा वाटा कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलच्या) शेवटच्या नळ्यांत द्रव होऊन पडलेला असतो. मग कॉम्प्रेसरचं तेल. प्रोपेन तेलात छान विरघळतो, आणि रोटरी कॉम्प्रेसरच्या डब्यात दाब जास्त असल्याने आणखीच. तीसेक ग्रॅम तिथे सहज अडकतात. म्हणून तेल कमी असलेला कॉम्प्रेसर शोध, जमलं तर पीएजी नावाच्या कृत्रिम तेलाचा, त्यात प्रोपेन कमी विरघळतो. लिक्विड लाइन, म्हणजे कंडेन्सरनंतरची द्रव नेणारी नळी, वीतभरच ठेव. फिल्टर-ड्रायर (ओलावा-कचरा धरणारी डबी) लहानात लहान.

कॉइलचं गणित सोपं आहे. नळी ७ मिलिमीटरवरून ५ वर आणलीस की मीटरमागची पोकळी निम्म्यावर येते. बारीक नळीत वाटेत दाब जास्त घसरतो, म्हणून एका लांब नळीऐवजी चार-पाच समांतर वाटा कर. ॲल्युमिनियमची मायक्रोचॅनल (चपट्या, बारीक वाटांच्या नळ्यांची) कॉइल गॅस आणखी कमी घेते. तिचे दोन्हीकडचे जाड हेडर, म्हणजे नळ्यांना जोडणारे पाइप, मात्र खाऊनपिऊन सुस्त असतात, वाचवलेला गॅस तेच गिळतात. आणि आपल्याकडची मे महिन्याची धूळ त्या बारीक फिनांत (पत्र्याच्या पातळ पट्ट्यांत) बसली की पाण्याच्या फवाऱ्यानेही निघत नाही. मी तुझ्या जागी असतो तर आतल्या-बाहेरच्या दोन्ही कॉइलना ५ मिलिमीटर तांबंच घेतलं असतं.

आता एफिशियन्सी. बाजारातली बरीच पोर्टेबल यंत्रं एका पाइपची असतात. खोलीतलीच थंड केलेली हवा कंडेन्सरवरून फिरवून ती खिडकीबाहेर टाकतात. जेवढी बाहेर गेली तेवढी दाराच्या फटीतून, गॅलरीतून, शेजारच्या खोलीतून आत येणारच. ताशी ३५० घनमीटर धर. बाहेर ४५, आत २८. ही आत आलेली हवा थंड करण्यातच साधारण १.८ किलोवॅट जातात. साडेतीनचं यंत्र, त्यातलं निम्मं स्वतःच घातलेला खड्डा भरण्यात! युरोपात बाहेर ३० अंश असतात, तिथे हे खपतं. नवतप्यात नागपूरला नाही खपत.

दोन पाइप केले की कंडेन्सरला हवा बाहेरून येते आणि खोलीची लूट थांबते. पण मग कंडेन्सरच्या तोंडावर ४५ अंशांची हवा येते, कंडेन्सिंग, म्हणजे गॅस द्रव होण्याचं तापमान, ६० वर जातं, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. एका पाइपवाल्याला निदान २८ ची हवा मिळत होती. इथे अनेक जण 'दोन पाइप चांगले' म्हणून वही मिटतात. तू मिटू नकोस.

कारण आपल्याकडे कुलर आहे. मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता दहा-पंधरा टक्के असली की वेट बल्ब, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते तापमान, २२-२३ वर असतो. बरी वुडवूल किंवा हनीकॉम्ब पॅड बाहेरच्या हवेला २८-२९ वर आणते. हीच हवा दुसऱ्या पाइपातून कंडेन्सरला दे. खोलीत येऊ देऊ नकोस. कंडेन्सिंग ६० वरून ४३-४५ वर उतरतं आणि पुस्तकी हिशेबाने कॉम्प्रेसरचं काम तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी होतं. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे बाप्पा : थंड हवा मिळाल्यावर कंडेन्सर लहान करता येतो, आणि लहान कंडेन्सरमध्ये गॅस कमी मावतो. ग्रॅम आणि युनिट दोन्ही एकाच पॅडने उतरतात.

पाणी ताशी चारेक लिटर जाईल. ते पॅडवरच सोड, कॉइलवर फवारू नकोस. बोअरचं पाणी असेल तर महिन्याभरात फिनांवर पांढरा थर बसतो. परदेशी यंत्रं स्वतःच्या थंड कॉइलवर जमलेलं पाणी कंडेन्सरवर उडवतात. ती युक्ती आपल्याकडे जुलैत चालते. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की कॉइलवर थेंब धरत नाही. मिरग लागला की पॅड निकामी होते, पण तोवर बाहेरचं तापमान बरंच उतरलेलं असतं, आणि उडवायला पाणीही मिळतं. म्हणजे दोन्ही सोयी ठेव, मध्ये एक फ्लॅप.

प्रोपेनबद्दल एक गोष्ट कमी बोलली जाते. त्याचं क्रिटिकल तापमान (ज्याच्यावर कितीही दाबला तरी गॅस द्रव होत नाही) ९६.७ अंश, नेहमीच्या एसीतल्या आर-४१०ए चं ७१ च्या आसपास, आर-३२ चं ७८. या उंबरठ्याच्या जवळ गेलं की गॅस नीट द्रव व्हायला कुरकुरतो. भर उन्हात आर-४१०ए चा एसी दमतो तो काही अंशी त्यामुळे. प्रोपेनला अजून बरीच जागा शिल्लक असते. शिवाय त्याचा ग्लोबल वॉर्मिंग पोटेन्शियल (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पृथ्वी तापवण्याची ताकद) एक आकडी. आर-४१०ए चा २०८८. युरोपने १ जानेवारी २०२० पासून १५० किंवा त्यावरच्या एचएफसीचे (आर-४१०ए, आर-३२ याच जातीचे) पोर्टेबल एसी विकायला बंद केले ते उगीच नाही. आपल्याकडेही गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनचे स्प्लिट एसी बाजारात आणले. भीतीपेक्षा सवयीचा प्रश्न जास्त आहे, असं माझं मत.

प्रोजेक्टची सुरुवात गॅसपासून करू नकोस. दोन पाइपचा तयार पोर्टेबल एसी घ्या, सीलबंद सर्किटला हात न लावता हवेच्या पाइपाला पॅडचा डबा जोडा. वीज मोजायला क्लॅम्प मीटर, दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या बल्बला ओला कपडा. पॅडसह आणि पॅडविना, एकाच दिवशी, दुपारी दोन ते पाच. ते आकडे हातात आले की कॉइल बदलायचं बोला. प्रोपेन भरण्याचं काम मोकळ्या शेडमध्ये, एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर आणि ज्याला ते येतं त्याच्या हातून.

प्रश्न : सर, माझं एसी रिपेअरिंगचं दुकान आहे. जुन्या आर-२२ च्या विंडो एसीत लोक हायड्रोकार्बन गॅस टाकून राहिले. कूलिंग मस्त येते, अ‍ॅम्पिअर पण कमी. आपण टाकावा का?
— एक मेकॅनिक, इतवारी

उत्तर : नाही. कूलिंग येतं हे खरंच आहे. प्रोपेनचे दाब आर-२२ च्या जवळ जातात, म्हणूनच मोह होतो. पण त्या एसीतला थर्मोस्टॅट, सिलेक्टर स्विच, रिले, सगळे उघड्यावर ठिणगी पाडणारे. प्रोपेनसाठी बांधलेल्या यंत्रात ते सीलबंद असतात. आणि दोन वर्षांनी दुसरा कुणी, आत आर-२२ आहे असं समजून, डाग द्यायचा टॉर्च (गॅसची ज्योत) पेटवून पाइप उघडेल. सिलिंडरचा एलपीजी भरण्याचा तर विचारही नको, त्यात ओलावा आणि वासाचं गंधकी रसायन असतं, कॉम्प्रेसर खातं.

कारखान्यातून आर-२९० घेऊन आलेलं यंत्र दुरुस्तीला आलं तर जरूर करा. गॅस मोकळ्या हवेत काढा, आजूबाजूला बिडी-काडी नको. टॉर्च लावण्याआधी ड्राय नायट्रोजन फिरवा. फ्लेअर नटचे आटेदार जोड टाळा, ब्रेझिंगच (पक्का डाग) करा. भरताना दाबाच्या गेजवर जाऊ नका, पट्टीवरचे ग्रॅम वजन करून टाका. आणि ज्वालेचं स्टिकर फाटलं असेल तर नवीन लावूनच यंत्र गिऱ्हाइकाला द्या.