धाकट्या भावाला टाइप वन डायबिटीस आहे, अचानक आयसीयूत ठेवलंय, तो कोणाशीच बोलत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की भाऊ १५ वर्षांचा, दहावीत आहे, चार वर्षं झाली टाइप वन (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही तो डायबिटीस) कळून, परवा रात्री उलट्या सुरू झाल्या आणि निपाणीहून रातोरात बेळगावला आणून अ‍ॅडमिट केलं, डॉक्टर डीकेए म्हणाले, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्त आंबट होणं, आणि आता तो भिंतीकडे तोंड करून पडलाय, कोणी काही विचारलं तरी हूं नाही की चूं नाही. ताई, नऊ वर्षांपूर्वी त्या बेडवर मी होते, पंधराचीच होते, दहावीतच होते. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला.

एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा. "इंजेक्शन चुकवलंस काय रे?" हे त्याला घरातल्या कोणीही आत्ता विचारू नका. तुम्ही नको, आई नको, मामा तर नकोच नको.

माझं काय झालं होतं ते सांगते. आषाढ होता, भाताची लावणी चाललेली, सगळे शेतात, घरात मी आणि आज्जी. मला ताप आला, मग उलट्या, पोटात घोटभर पेज पण ठरेना. आज्जी म्हणाली, "पोटात अन्न नाही तर सुई कशाला टोचून घ्यायलीस, शुगर उतरून पडशील की." तिला बोल लावत नाही मी, मलाही ते बरोबरच वाटलं, आणि आपल्याकडे दहातल्या नऊ घरात हेच म्हणतील. पण ते उलटं आहे. ताप आला की शरीर स्वतःच शुगर वाढवतं, जेवलं नाही तरी लिव्हर साखर सोडत राहतं, आणि इन्सुलिन नसलं की ती साखर रक्तातच राहते, पेशींना मिळत नाही, मग शरीर चरबी जाळायला घेतं आणि त्यातून कीटोन तयार होऊन रक्त आंबट होत जातं. पोटात कळ, उलट्या, लांब लांब खोल श्वास, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास, हे सगळं त्याचंच. जवळच्या एका डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या, त्यात अख्खा दिवस गेला. बेळगावात पोचलो तेव्हा शुगर ४८० होती आणि मला आईचा चेहरा नीट दिसत नव्हता.

आता जे मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं ते. ताप हे निम्मंच कारण होतं. जूनपासून शाळेत दुपारचा डोस मी घेतच नव्हते. बाथरूममध्ये जाऊन घ्यायचा, तिथे कडी लागत नव्हती, एकदा दोघी मुलींनी बघितलं आणि वर्गभर झालं की ही सुया टोचून घेते, तेव्हापासून डबा खायचा आणि इन्सुलिनचं पेन दप्तरातच ठेवायचं. वहीत शुगरचे आकडे मनानेच लिहायची, १४०, १५५, असे दिसायला बरे. आणि आयसीयूत सगळे म्हणतायत, बिचारीला तापामुळे झालं, आणि मी गप्प. आईला वाटायचं रुसलेय, आत्या म्हणायची घाबरलेय. मी गप्प होते कारण तोंड उघडलं असतं तर ते बाहेर पडलं असतं, आणि बाबांनी त्या वर्षी माझ्या इन्सुलिनसाठी कर्ज काढलं होतं हे मला माहीत होतं.

तुमच्या भावाचं हेच असेल असं मी म्हणत नाही, नुसता थकला पण असेल, डीकेएत अंगातलं सगळं पाणी निघून जातं, बोलायला जीवच राहत नाही. पण पंधरा वर्षांचं पोर भिंतीकडे तोंड करून पडलं असेल तर मला आधी हेच सुचतं.

माझं तोंड उघडलं ते रात्री तीनच्या सुमाराला एका सिस्टरजवळ. दर तासाला बोट टोचून शुगर बघतात ना, त्या बघायला आल्या, मी जागी, डोळ्यातून पाणी चाललेलं, त्यांनी नुसतं "याकवा?" (का गं बाई?) म्हणून कपाळावर हात ठेवला आणि मी निम्मं कन्नड निम्मं मराठीत सगळं ओकून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. सकाळी डॉक्टर आले, आईला म्हणाले जरा चहा घेऊन या, आणि मग माझ्या बेडवर बसले. त्यांनी मला टोरंटोतल्या लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितली, १९२२ च्या जानेवारीत माणसांमध्ये पहिल्यांदा इन्सुलिन मिळालं ते त्याला, वय १४, पहिलं इंजेक्शन नीट शुद्ध केलेलं नव्हतं म्हणून फारसं लागू पडलं नाही, मग काही दिवसांनी सुधारलेलं दिलं आणि पोरगा सुधारला. त्याच्या आधी हा आजार झालेली मुलं उपाशी ठेवून कशीबशी काही महिने, नाहीतर एकदोन वर्षं जगवायचे. माझ्याएवढाच पोरगा, ही गोष्ट मला कुठेतरी आत जाऊन बसली. त्यानंतर शाळेला चिठ्ठी गेली, दुपारी स्टाफरूममध्ये बसून डोस घ्यायचा ठरलं. इतकं सोपं होतं ते, आणि त्यासाठी मी आयसीयूपर्यंत गेले होते.

म्हणून म्हणते, विचारायचं काम डॉक्टरांचं, आणि खरं काय ते त्यांना कळायलाच पाहिजे कारण पुढचे डोस त्यावर ठरतात, पण ते विचारतील तेव्हा तुम्ही सगळे बाहेर जा. आधी त्यांना हळूच सांगून ठेवा की याच्याशी एकट्याशी बोला.

सलाइन इतकं हळू का लावलंय म्हणून भांडू नका, मुलांमध्ये शुगर आणि पाणी मुद्दाम सावकाश, एक-दोन दिवस घेऊन, जागेवर आणतात, घाई केली तर मेंदूला सूज येण्याची भीती असते. तो अचानक डोकं फार दुखतंय म्हणाला, उगाच चिडायला लागला किंवा गुंगीत गेला तर मात्र सकाळची वाट न बघता लगेच सिस्टरना हाक मारा. पोटॅशियमसाठी पुन्हा पुन्हा रक्त काढतील, तेही लागतंच. खर्चाचं म्हणाल तर बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचा खर्च मिळतो, हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आजच भेटा. दहावीचं टेन्शन त्याच्यासमोर काढू नका, २०२४ पासून एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकातली दहावीची, परीक्षा वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते, आठवडाभर शाळा बुडाली म्हणून काही बुडत नाही.

आणि भेटायला येणारे आवरा. माझ्या उशाशी उभं राहून एका बाईंनी आईला विचारलं होतं, हिचं लग्न कसं होणार हो. मी जागी होते.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून एक कागद मराठीत लिहून घ्या, आजारी पडला तर काय करायचं, कुठलं इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही, किती शुगरला फोन करायचा, लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या कधी वापरायच्या. आमच्याकडे तो फ्रिजवर चिकटवलेला आहे, आज्जी वाचून दाखवायला लावायची. पावसात लाइट दोन दोन दिवस जात असेल तर इन्सुलिन ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवतात, पिशवीत बांधून, पाणी लागू न देता.

आज रात्री जवळ बसायला मिळालं तर काही विचारू नका, मॅच कोण जिंकलं ते सांगा, गावात पाऊस किती झाला ते सांगा. तहान फार लागलेली असते पण सुरुवातीला पाणी देत नाहीत, मला नुसते ओठ ओले करायला कापूस द्यायचे. पाणी प्यायला परवानगी मिळाल्यावर पहिला घोट तुम्ही पाजा. मला तो आईने चमच्याने पाजला होता, आणि त्यानंतर मी तिला सगळं सांगितलं.