वाढदिवसाच्या टेबलावर गप्प बसलेले बाबा

‘बाबा घरी ठीक असतात, पण चार माणसांत गेले की हरवल्यासारखे बसतात. काही विचारावं तर भलतंच उत्तर देतात. डिमेंशियाची सुरुवात असेल का?’ मी समुपदेशक आहे. आई-वडील सत्तरी ओलांडलेली मुलं माझ्याकडे हा प्रश्न वारंवार घेऊन येतात. विचारताना त्यांचा आवाज नकळत खाली जातो. अशाच एका घराची ही हकीकत. घरच्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांना पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून मुलीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मुद्दाम जुन्या वळणाचं हॉटेल निवडलं, कारण आई-बाबा लग्नानंतर तिथे जायचे. उंच छत, दगडी फरशी, संगमरवरी टेबलं, भिंतभर आरसे, मंद पिवळे दिवे. अकरा माणसं, एक लांबलचक टेबल आणि मधोमध बाबा. वेटरने विचारलं, ‘पाणी साधं की गार?’ बाबा म्हणाले, ‘हो.’ नात म्हणाली, ‘आजोबा, तुमच्या शाळेतली गंमत सांगा ना.’ बाबा म्हणाले, ‘काळे? काळे तर कधीच वारले.’ मुलं खो-खो हसली, मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. थोड्या वेळाने बाबा हात धुवायला म्हणून उठले ते बराच वेळ आलेच नाहीत. मुलगा बघायला गेला, तर ते बाहेर पायरीवर उभे. ‘घरी चला,’ एवढंच म्हणाले.

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा आधी राग बाहेर पडला. ‘महिनाभर तयारी केली हो मी. एक फोटो हसरा नाही.’ रागाखालची भीती निघायला वेळ लागला. तिच्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, शेवटी घरातली माणसं ओळखू येत नव्हती. लहानपणी तिने ते जवळून पाहिलं होतं. त्यामुळे ‘काळे’ ऐकताक्षणी तिच्या मनात निदान होऊनही गेलं होतं.

मी तिला बाबांच्या स्मरणशक्तीबद्दल विचारण्याआधी टेबलाबद्दल विचारलं. ती जरा वैतागलीच. कोण कुठे बसलं होतं? बाबांच्या पाठीमागे काय होतं? (स्वयंपाकघराचं दार.) घरी दोघंच असताना गप्पा होतात का? होतात, छान होतात. पैशांचे व्यवहार? स्वतः बघतात. ओळखीच्या रस्त्यावर चुकलेत कधी? नाही. झोप, भूक, वाचन? सगळं पूर्वीसारखं. हे शेवटचं अशासाठी विचारलं, की उतारवयातलं नैराश्यही असंच गप्प बसवतं. टीव्हीचा आवाज? इथे ती पहिल्यांदा थांबली. ‘त्यावरून तर रोज भांडण असतं.’

वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते सगळ्या आवाजांचं सारखं होत नाही. आधी जातात उंच पट्टीचे आवाज. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात; स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांचा मोठा भाग उंच पट्टीत आणि क्षीण असतो. म्हणजे बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. ‘शाळेतली’मधला श गळाला की मागे ‘आळे’ उरतं, आणि मेंदू त्याला जवळचं काहीतरी जोडून देतो. काळे हे बाबांचे कचेरीतले जुने सोबती. लहान मुलांचे आणि बायकांचे आवाज तर मुळातच वरच्या पट्टीतले. त्यामुळे मित्राचं ऐकू येतं आणि बायकोचं येत नाही, हे नेहमी ढोंगच असतं असं नाही. (नेहमी नसतं, एवढंच म्हणते.)

त्यात ते हॉटेल. दगड, काच, संगमरवर आवाज शोषत नाहीत, परतवतात. गोंगाटात आपण सगळेच नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 साली हे नोंदवलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचं टेबलही चढवतं. धडधाकट कान आवाजाची दिशा पकडून त्यातून एकच माणूस वेगळा काढतात. कमी ऐकणाऱ्याला ते जमत नाही. अशी माणसं ओठ वाचून बरंच भरून काढतात, पण मंद उजेडात ओठ दिसत नाहीत. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. जाड टेबलक्लॉथ, पडदे आणि गादीच्या खुर्च्या असलेली जुनी हॉटेलं उलट या माणसांना मानवतात. हे तसलं नव्हतं.

बाबा यायला तयार नव्हते. ‘मला काय झालंय?’ शेवटी आले, सोबत आई. मी बाबांना काही विचारलं की उत्तर आईंचं. ‘त्यांना गर्दी आवडत नाही.’ ‘ते थकतात हल्ली.’ मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली, खुर्ची बाबांच्या समोर, खिडकीच्या उजेडात घेतली, पंखा बंद केला आणि सावकाश बोलू लागले. बाबा उत्तम बोलत होते. तारखा, नावं, क्रम, सगळं जागेवर. मग म्हणाले, ‘सगळे हसले की मी हसायचो. एकदा कुणाच्या तरी आजारपणाचं चाललं होतं, तिथे हसलो. तेव्हापासून हसायचंही सोडलं.’ घरी का नाही सांगितलं? ‘चष्मा लागला तर कुणी काही म्हणत नाही. कानात मशीन घातलं की म्हातारा.’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या माणसांपैकी 25 टक्क्यांहून अधिक लोकांना व्यवहार अडेल इतपत कमी ऐकू येतं. एवढी माणसं आणि तरी ही लाज. मला विचाराल तर त्या संध्याकाळी बाबांना सर्वांत जास्त लागलं ते नातवंडांचं हसणं नव्हे, मोठ्यांचं एकमेकांकडे बघणं. ते त्यांना स्पष्ट दिसलं होतं.

मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवलं. आधी कानात मळ साचलाय का ते बघायचं असतं. कधीकधी तेवढंच निघतं. इथे तसं नव्हतं. बंद खोलीतल्या तपासणीत दोन्ही कानांत उंच पट्टीचं ऐकणं बरंच उतरलेलं दिसलं, आणि मशीन लावायचं ठरलं. एक मात्र सांगून ठेवते. ही सावकाश होणारी गोष्ट आहे. एखाद्याचा कान अचानक, एक-दोन दिवसांत बंद झाला, तर समुपदेशकाकडे नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

मुलीचा पुढचा प्रश्न सरळ होता. ‘म्हणजे डिमेंशिया नाही ना?’ तसं छातीठोक सांगता येत नाही, आणि तिला मी ते सांगितलंही नाही. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कुठून, हे खरं. ताण देऊन ऐकण्यात मेंदूची एवढी ताकद जाते की साठवायला थोडीच उरते, हेही खरं. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. डिमेंशियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने जी यादी केली आहे, त्यात ऐकू कमी येणं आहे. 2024च्या यादीत अशी 14 कारणं आहेत. मशीन लावल्याने धोका नक्की टळतो असं मात्र नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 70 ते 84 वयाच्या 977 जणांना तीन वर्षं तपासलं. एकूण गटात मशीनमुळे फरक पडला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण मंदावली. म्हणून स्मृतीची चाचणी करायचीच, पण मशीनची सवय झाल्यावर. परीक्षकाचे शब्दच कळले नाहीत तर गुण उगाच कमी पडतात.

सवय व्हायला वेळ लागला. पहिले काही आठवडे बाबांना भांड्यांचा आवाज, कागदाची सळसळ, स्वतःचं चावणं असह्य व्हायचं. मशीन खणात पडून राहायचं. चष्म्यासारखं लावलं की दिसलं, असं हे नसतं. विसरलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखावे लागतात. रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेल्यावर जमलं. गोंगाटात अजूनही अडतं आणि ते अडणारच. म्हणून घरात काही नवं ठरलं. बाहेर जायचं तर गर्दी होण्याआधी, टेबल कोपऱ्यातलं, बाबांची पाठ भिंतीकडे आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. जागा बाबा निवडतात. अकरा जण हवेच असतील तर घरी, तेही दोन टेबलं करून. नाही कळलं तर बाबा ‘काय?’ म्हणत नाहीत. ‘शाळेचं काय म्हणालीस?’ असं कळलेला तुकडा धरून विचारतात. समोरच्याला पूर्ण वाक्य ओरडावं लागत नाही.

स्मृतीची चाचणी अजून व्हायची आहे. मुलगी थांबायला तयार आहे, तिला ते सोपं जात नाही. सध्या माझ्याकडे आई येतात, एकट्या. इतकी वर्षं दारात, फोनवर, दवाखान्यात यांच्या वतीने बोलत आले, आता हे मध्येच ‘मला विचारू दे’ म्हणतात, तेव्हा आपण काय करायचं ते त्यांना समजत नाही. गेल्या भेटीत म्हणाल्या, ‘मग मी गप्प बसू का?’ त्यावर आमचं बोलणं चालू आहे.